परभारे जमा

दान करणे हे पुण्यकर्म असल्याचे सर्व धर्मांनी सांगितले आहे. परंतु केलेले दान अखेर कोणाच्या खाती जमा होते, याची खतावणी कशी ठेवावी हे कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेले माझ्या वाचनात नाही, आणि ही उणीव अमेरिकेतील महाविद्यालयांनी मोठ्या कसोशीने भरून काढली आहे, असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही. माझी सारी नोकरी जिल्हा कोषागारात, इतरांनी मंजूर केलेल्या रकमा कोणत्या ना कोणत्या नियमाखाली अडवून धरण्यात गेली. न्यू जर्सीत पुतण्याकडे मुक्कामाला असताना त्याच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, महाविद्यालयप्रवेशाचे दफ्तर सहज चाळायला घेतले, आणि पाचसहा पाने उलटण्यापूर्वीच माझी खात्री पटली की, हे कागद तयार करणारा सातासमुद्रापलीकडचा तो अज्ञात कारकून आपल्याच गोत्राचा असला पाहिजे.

आपल्याकडे शिष्यवृत्ती या गोष्टीला जे मांगल्य आहे, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, ही हकीकत आमच्या पिढीतील प्रत्येक मुलाला, विशेषतः तो स्वतः संस्कृतात नापास झाला असताना, ऐकावी लागलेली आहे, परंतु त्या हकीकतीच्या कोणत्याही पाठात, शिष्यवृत्तीची वार्ता येताच प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतले आणि "अभिनंदन! आता तेवढी रक्कम आमच्या सवलतीतून कमी करतो" असे सांगितले, असा मजकूर नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे ती विद्यार्थ्याला मिळाली, इतका तो सरळ हिशेब होता. तिच्यातून वजावट झालीच तर ती वडिलांकडून होई, आणि वडिलांच्या वजावटीविरुद्ध अपील करण्याची तरतूद त्या काळच्या कोणत्याही कायद्यात नव्हती.

अमेरिकेतील रीत समजून घ्यावयाची तर आरंभ किमतीपासून करावा लागतो. तेथील महाविद्यालय वर्षाच्या खर्चाचा एक आकडा जाहीर करते, ज्यात शिकवणीची फी, राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च या सर्वांची बेरीज असते. मोठ्या खाजगी विद्यापीठांत ती आता ऐंशी हजार डॉलरांच्या पलीकडे गेली आहे. हा आकडा ऐकून कोणी मूर्च्छित पडू नये म्हणून दुसरा एक आकडा तयार ठेवलेला असतो, तो म्हणजे तुमच्या कुटुंबाला किती झेपेल याचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरते ती विद्यार्थ्याची गरज. मनुष्याची गरज किती हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सहस्रावधी वर्षे चघळला आणि अनिर्णित सोडला. तो येथे एका वजाबाकीत निकालात निघतो, आणि उत्तर डॉलरांत येते.

या व्यवस्थेचे मूळ १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथे जाऊन त्यावर सही केली. पैशावाचून कोणाचे शिक्षण अडू नये हा त्यामागचा हेतू, आणि हेतू उदात्त होता याविषयी मला शंका नाही. उदात्त हेतूला अंमलबजावणीसाठी अर्जाचा नमुना लागतो आणि तेथून आमच्या जमातीचे राज्य सुरू होते. 'फॅफ्सा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अर्जात पूर्वी शंभरावर प्रश्न होते. तो सुटसुटीत करण्याचा कायदा २०२०च्या अखेरीस झाला. आणि सुटसुटीत झालेला तो अर्ज, जो एरव्ही ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मिळावयाचा, तो पहिल्या वर्षी डिसेंबर २०२३च्या अगदी शेवटच्या दिवसांत अवतीर्ण झाला. सुटसुटीतपणाला इतका वेळ लागतो हे आमच्या खात्यात प्रत्येकाला ठाऊक असते. नव्या पद्धतीत कुटुंबाच्या ऐपतीचा निर्देशांक शून्याखाली उणे दीड हजारापर्यंत उतरू शकतो. दारिद्र्याला शून्याच्याही खाली मोजण्याची ही सोय पाहून मी मनोमन नमस्कार केला.

काही महाविद्यालयांचे समाधान सरकारी अर्जाने होत नाही. ती 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा दुसरा, अधिक चौकस अर्ज मागतात, ज्यात राहत्या घराची आणि इतरत्रच्या स्थावराचीही विचारपूस असते. त्या ठिकाणी माझा पुतण्या दोन रात्री अडून बसला होता. कोकणात वडिलार्जित अडीच गुंठ्यांचा एक तुकडा आहे, त्याच्या सातबाऱ्यावर एकोणीस हिस्सेदारांची नावे आहेत, त्यांतील सहा दिवंगत असून दोघांचा ठावठिकाणा नाही, आणि प्रत्यक्ष जमिनीवर कोण्या चुलत्याच्या आंब्याची सावली व कोण्या मावसभावाचा दावा आहे. या मालमत्तेतील आपल्या हिश्श्याचे बाजारमूल्य डॉलरांत लिहावे, असा तो प्रश्न होता.

"काका, काय लिहू?" त्याने मला विचारले.

"शून्य लिही," मी म्हणालो.

"आणि त्यांनी पुरावा मागितला तर?"

"तर सातबारा पाठव. तो वाचून जो अधिकारी शुद्धीवर राहील, तो वाटेल तेवढे मूल्य लावू दे."

सूनबाईंनी मात्र रेडी रेकनरचा दर काढून, त्याला एकोणिसाने भागून, जो प्रामाणिक आकडा लिहिला, तो त्यांच्या मोटारीच्या दोन टायरांच्या किमतीएवढा भरला.

सोयीसाठी आकडे पूर्णांकांत सांगतो. वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर, कुटुंबाने द्यावयाचे ३०,०००. म्हणजे नातीची गरज ५०,००० ठरली. ती भागविण्यासाठी महाविद्यालयाने जे पुडके पाठविले, त्याला तिकडे 'पॅकेज' म्हणतात, त्यात ४२,००० डॉलर महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून अनुदान होते, जे परत करावयाचे नसते. ५,५०० डॉलर सरकारी कर्ज होते, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याहून अधिक सहसा मिळत नाही. आणि उरलेले २,५०० तिने ग्रंथालयात वा भोजनगृहात काम करून मिळवावयाचे होते. कर्जालाही ते 'साहाय्य'च म्हणतात. या न्यायाने आमच्या गावच्या सावकाराने तीन पिढ्या केलेल्या साहाय्याची कोणी दखल घेतली नाही, ही मोठीच कृतघ्नता म्हणावी लागेल.

आता बाहेरच्या शिष्यवृत्त्यांचा प्रांत. महाविद्यालयाखेरीज अन्य कोणी, म्हणजे एखादी कंपनी, एखादा सेवाभावी क्लब, एखादे प्रतिष्ठान, एखादे ज्ञातिमंडळ, विद्यार्थ्याला जी शिष्यवृत्ती देते, ती बाहेरची. आणि या प्रांतात अमेरिकेच्या औदार्याला जी पालवी फुटली आहे ती पाहून मी थक्क झालो. आर्कान्सामधील स्टटगार्ट गावी बदकांना साद घालण्याची स्पर्धा होते, आणि तोंडात शिटी धरून जो शालेय विद्यार्थी बदकाला बदकाच्या भाषेत सर्वांत पटेल असे बोलावतो, त्याला उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. एक चिकटपट्ट्यांची कंपनी आहे. तिच्या पट्ट्यांपासून समारंभाचा पोशाख शिवून, नव्हे चिकटवून, जो शाळेच्या नृत्यसमारंभाला जातो, त्याला हजारो डॉलरांचे पारितोषिक आहे. उंच माणसांचे संघ आहेत. ते पाच फूट दहा इंच उंचीच्या मुलींना आणि सहा फूट दोन इंच उंचीच्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी विचारात घेतात, म्हणजे आमच्या घराण्यातील कोणी स्टुलावर उभे राहिल्याशिवाय अर्जास पात्र होणार नाही. पेनसिल्व्हेनियातील जुनिआटा महाविद्यालयात तर डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. आमच्या शाळेत डावखुऱ्यांसाठी लाकडी पट्टी होती.

नात बदकांच्या बाबतीत निरुपाय आणि उंचीच्या बाबतीत आनुवंशिकतेने वंचित असल्यामुळे तिला निबंधांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळावे लागले. तेथे बहुधा दोन विषय असतात: तुम्ही नेतृत्व केल्याचा प्रसंग, आणि तुम्ही संकटावर मात केल्याचा प्रसंग. पहिल्याची सोय गणेशोत्सवातील लेझीम-पथकाने झाली. दुसऱ्यासाठी मात्र घरात संकटाचा शोध सुरू झाला, आणि सुखवस्तू उपनगरात वाढलेल्या, दोन्ही आईबाप शाबूत असलेल्या, दातांना तारा लावून झालेल्या मुलीच्या आयुष्यात एकही धड संकट नाही, ही गोष्ट त्या महिन्यात आमच्या कुटुंबाला अपयशासारखी बोचू लागली. अखेर तिने आजीच्या आजारपणात आजीशी मराठीत बोलता यावे म्हणून बाराखडी कशी शिकून घेतली, यावर लिहिले. तो निबंध खरा होता आणि चांगलाही होता. शनिवार-रविवारच्या रात्री जागून, अर्जांमागून अर्ज पाठवून, शिक्षकांची शिफारसपत्रे गोळा करून तिने तीन ठिकाणी यश मिळविले: एका कंपनीकडून २,०००, एका क्लबाकडून १,००० आणि स्थानिक मराठी मंडळाकडून १,०००, असे एकूण ४,००० डॉलर. मंडळाने तर संक्रांतीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन, पाटाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश तिच्या हाती ठेवून छायाचित्र काढले. खरा धनादेश नियमानुसार परभारे महाविद्यालयाकडे गेला.

आणि मग महाविद्यालयाचे सुधारित पत्र आले. आरंभी तिच्या यशाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन होते. त्याखाली तक्ता होता. कर्ज ५,५००, जैसे थे. काम २,५००, जैसे थे. बाहेरील शिष्यवृत्त्या ४,०००. महाविद्यालयाचे अनुदान ३८,०००. एकूण ५०,०००.

"म्हणजे मला काय मिळालं?" नातीने विचारले.

"अभिनंदन," तिचा बाप म्हणाला.

"आजोबा, हे फेअर नाही."

मी तक्त्याची बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती. बेरीज बरोबर असली की न्यायाचा प्रश्न आपल्या अखत्यारीत येत नाही, हे कोषागारात मी इतक्या जणांना ऐकविले आहे की, तेच वाक्य नातीपुढे जिभेच्या टोकापर्यंत आले. परंतु तिच्याकडे पाहून ते तहकूब ठेवले.

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, याप्रमाणे सात घरे. आता समजा, अशा एखाद्या विद्यार्थ्याने उत्तम स्तोत्र म्हटल्यामुळे प्रसन्न होऊन कोण्या नव्या गृहस्थाने त्याला गुरुवारी पुरणपोळीचे निमंत्रण दिले. विद्यार्थी आनंदला, गृहस्थ कृतार्थ झाला, आणि गुरुवारच्या मूळ घरच्या यजमानाने आपल्या घरी सांगितले, "आज त्याचे तांदूळ टाकू नका." विद्यार्थी पूर्वीइतकाच जेवला. पुरणपोळीवाल्याचा समज असा की, आपण एका होतकरू मुलाला जेवू घातले. प्रत्यक्षात त्याने गुरुवारच्या यजमानाचे तांदूळ वाचविले, ज्याची त्याच्याशी ओळखही नव्हती. फरक इतकाच की, पुण्याचा तो मुलगा निदान पुरणपोळी खाऊन आला असता. नातीच्या डॉलरांना तेवढीही वेगळी चव नव्हती.

या प्रकाराला तिकडचे पालक संतापून 'डिस्प्लेसमेंट' म्हणतात. त्यांच्या संतापाचा रोख पुष्कळदा सरकारकडे असतो, आणि महाविद्यालयेही, सर्व ठिकाणच्या कचेऱ्यांप्रमाणे, नियमाकडे बोट दाखवितात. नियम असा आहे खरा की, गरजेवर आधारलेले सरकारी साहाय्य ज्यात आहे अशा पुडक्याची बेरीज गरजेच्या वर जाता कामा नये. फार तर तीनशे डॉलरांपर्यंतचा अतिरेक काही योजनांत पोटात घातला जातो. परंतु मी तो नियम माझ्या जुन्या सवयीने, म्हणजे त्यात काय लिहिलेले नाही या दृष्टीने, वाचला. आणि बेरीज खाली आणताना कात्री कोठे लावावी, हे त्यात सांगितलेले नाही, असे मला आढळले. कर्ज कमी करा, काम कमी करा, अनुदान कमी करा. सरकारला तिन्ही सारखेच. विद्यार्थ्याला मात्र ते सारखे नाही. नातीचे ४,००० डॉलर कर्जातून वळते केले असते, तर तिच्या डोक्यावर ५,५००ऐवजी १,५०० चे ओझे राहिले असते, आणि महाविद्यालयाच्या तिजोरीतून एक छदामही जास्त गेला नसता. जे अनुदानातून वळते केले, त्याने महाविद्यालयाचे ४,००० वाचले आणि मुलीचे कर्ज आपल्या जागी विराजमान राहिले.

अर्थात सर्वच महाविद्यालये अशी नाहीत. काही जण आधी कर्ज आणि काम कमी करतात व ती संपल्यावरच अनुदानाला हात लावतात. काही निम्मे-निम्मे करतात. पुष्कळ ठिकाणी तर मुळात ठरलेली गरजच पूर्ण भागविलेली नसते, पुडक्याला भोक ठेवलेले असते, आणि बाहेरचा पैसा आधी त्या भोकात जातो. गरीब महाविद्यालयाचा हा अपुरेपणा अशा वेळी श्रीमंत महाविद्यालयाच्या पूर्णत्वापेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडतो. २००१ साली प्रिन्स्टनने आपल्या पुडक्यांतून कर्ज अजिबात काढून टाकले, पुढे आणखी काही धनाढ्य विद्यापीठांनी तेच केले; आणि कर्जच नसल्यावर कात्री कशावर चालवावी, ही त्यांची अडचण केवळ श्रीमंतांनाच पडू शकते अशी आहे. फार गरीब घरच्या मुलांना जे 'पेल' अनुदान सरकार देते, २०२४-२५ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते मात्र बाहेरच्या शिष्यवृत्तीने सहसा कमी होत नाही. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव १९८० मध्ये त्याला दिले. नातीचा बाप संगणकाच्या नोकरीत असल्यामुळे पेलसाहेबांची आणि आमची गाठ पडली नाही.

मी पुतण्याला आग्रह करून महाविद्यालयाच्या साहाय्य-कचेरीला दूरध्वनी करावयास लावला आणि बोलणे सर्वांना ऐकू येईल अशी व्यवस्था केली. पलीकडची बाई इतकी सौजन्यशील होती की, नकार देताना तिचे सौजन्य प्रत्येक वाक्यागणिक वाढत जाई. तिचे म्हणणे असे: दोन विद्यार्थ्यांची गरज सारखी असेल तर त्यांना मिळणारे एकूण साहाय्यही सारखे असावे, बाहेरच्या शिष्यवृत्त्या ज्यांच्या आईबापांना त्या शोधण्याची अक्कल आणि सवड असते त्यांनाच बहुधा मिळतात, आणि तुमच्या मुलीमुळे वाचलेले ४,००० आम्ही गिळत नाही, ते दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला देतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. मी तो लिहून घेतला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्यातील दुसरा मुद्दा तर मला वर्मी लागण्याइतका सबळ वाटला. कारण आमच्या घरात अर्ज भरण्यासाठी दोन पदव्युत्तर आईबाप आणि एक निवृत्त कोषागार अधिकारी एवढे मनुष्यबळ उपलब्ध होते, आणि ज्या मुलाची आई दोन पाळ्यांत काम करते त्याच्याकडे यातले काहीच नसते. परंतु मग ते दान त्या मुलाला केले, असे दात्याला एका ओळीने कळवावयास काय हरकत आहे? मंडळाच्या अध्यक्षांनी शाल नातीच्या खांद्यावर घातली, ती काय म्हणून?

आणि कष्टांचे काय? चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, सरदेशमुखी म्हणजे दहा. दोन्ही मिळून पस्तीस टक्क्यांवर मराठी फौजांचे समाधान होई, आणि त्यावरून इतिहासकारांनी आपल्याला पुष्कळ बोल लावले आहेत. रात्री जागून लिहिलेल्या निबंधांच्या मिळकतीवर शंभर टक्के वसूल करण्याची कल्पना आपल्या कोणाही मुत्सद्द्याला सुचली नाही. सुचली असती तर दिल्लीपर्यंत जावेच लागले नसते.

मला मौज वाटते ती दात्यांची. १६४३ साली ॲन रॅडक्लिफ, म्हणजे लेडी मोलसन, यांनी हार्वर्डला शिष्यवृत्तीसाठी शंभर पौंड दिले, तेव्हा आपण महाविद्यालयाला पैसे देत आहोत हे त्यांना ठाऊक होते. हल्लीच्या दात्याला ते ठाऊक नसते. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर गावच्या आयर्व्हिंग फ्रॅडकिन या चष्म्याच्या डॉक्टराने अशी कल्पना काढली की, गावातील प्रत्येकाने एकेक डॉलर द्यावा आणि त्यातून गावच्या मुलांना शिकवावे. ती गावोगाव पसरली. हा एकेक डॉलर गोळा करणाऱ्या वाण्याला, न्हाव्याला, शाळामास्तराला कोणी सांगितले की, आपला डॉलर शेवटी अब्जावधींचा निधी बाळगणाऱ्या विद्यापीठाच्या अनुदानाच्या रकान्यात वजावट म्हणून विसावला आहे, तर तो पुढच्या वर्षी डबा फिरविताना कोणत्या तोंडाने फिरवील?

काही राज्यांना ही गोष्ट खटकली. २०१७ साली मेरिलंडने प्रथम कायदा करून आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांना या कात्रीपासून बरेचसे परावृत्त केले. नंतर न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया यांनीही आपापल्या परीने कायदे केले. पुतण्याने न्यू जर्सीचे नाव ऐकताच टेबलावर थाप मारली. परंतु नातीचे महाविद्यालय खाजगी आणि दुसऱ्या राज्यात. कायदा नेहमी आपल्या शेजारच्या घरापर्यंत येऊन थांबतो.

या सर्व प्रकारात मला बडोद्याच्या सयाजीरावांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९१३ साली त्यांच्या दरबाराने बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात बडोद्याची नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेतला होता, तेव्हा तेही काही निव्वळ दान नव्हते; पण पैसा विद्यार्थ्याच्या हाती येई, आणि पोटाला चिमटा घेऊन त्याने जे वाचविले, त्याचे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ झाले. अर्धपोटी राहून वाचविलेला पैसा ही बाबासाहेबांची कमाई होती. आजच्या साहाय्य-कचेरीने प्रथम त्यांच्या जेवणाचा खर्च प्रमाणित दराने धरला असता, मग ग्रंथांची आवश्यकता पडताळून पाहिली असती, आणि बडोद्याला पत्र पाठवून अभिनंदन केले असते.

साहाय्य-कचेरीशी झालेल्या त्या दूरध्वनीवरील बोलण्याच्या अखेरीस मी पुतण्याला खुणेने एक प्रश्न विचारावयास लावला, जो कोणत्याही कचेरीत शेवटी विचारावा असा असतो: नियमात बसून काय करता येईल? बाईंचा स्वर एकदम बदलला. तो आता परक्याशी बोलण्याचा राहिला नाही. त्या म्हणाल्या, गरजेचा आकडा खर्चावर अवलंबून आहे, आणि खर्चात वैयक्तिक संगणकाची वाजवी किंमत एकदा धरता येते. पावती पाठवा, खर्च तेवढा वाढवू, म्हणजे गरज तेवढी वाढेल आणि अनुदानाची वजावट तेवढी घटेल. शिवाय देणाऱ्या संस्थेने रक्कम दोन वर्षांत विभागून दिली तर पहा. आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपली की अनुदान पूर्ववत करण्याचा अर्ज वेळेवर करा, ते आपोआप होत नाही. मी पलीकडचा त्यांचा चेहरा पाहू शकत नव्हतो, परंतु हा शेवटचा सल्ला देताना त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली असणार, याविषयी मला संशय नाही.

आभारपत्रे लिहिण्याचे काम तेवढे उरले होते, कारण तिन्ही दात्यांची ती अट होती. नातीने ती सुरेख लिहिली. मंडळाचे तर मराठीत, दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह, ज्या मी सुधारू दिल्या नाहीत. "खरं तर ही पत्रं कॉलेजने लिहायला हवीत," असे तिचा बाप म्हणाला, आणि तीन प्रती काढून त्याने कॉलेजलाही पाठविल्या. तिकडून त्या दफ्तरी दाखल केल्याची पोच आली.

संगणक घेतला. चौदाशे डॉलरांचा. पावती गेली, खर्च वाढला, गरज वाढली, अनुदान १,४०० ने पूर्वस्थितीकडे सरकले, आणि घरात अनेक दिवसांनी आनंदीआनंद झाला. तो सुमारे मार्चपर्यंत टिकला. मार्चमध्ये करविवरण भरताना पुतण्याला कळले की, शिष्यवृत्तीचा जो भाग शिकवणीवर आणि अनिवार्य पुस्तकांवर खर्च होतो तो करमुक्त, आणि जो राहण्या-जेवण्यावर होतो तो करपात्र; म्हणजे विद्या निःशुल्क घ्यावी आणि पोळीवर कर भरावा. संगणक यांपैकी कोणत्या बाजूला पडतो, हे तो त्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा होता की केवळ सोयीचा, यावर अवलंबून असते, आणि तसा दाखला महाविद्यालयाकडून आणावा लागतो. पुतण्याने साहाय्य-कचेरीला पुन्हा दूरध्वनी लावला. दाखला देणे त्यांच्या नव्हे, निबंधकांच्या अखत्यारीत येते, असे त्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले, आणि निबंधकांच्या कचेरीची वेळ दिली.